प्लग अँड प्ले नावाची थाप

एक्स्टर्नल हार्डडिस्कच्या खोक्यातून दोन कागद निघतात. पहिल्यावर तीन चित्रं: डिस्क, केबल, लॅपटॉप, आणि मधे बाण. शब्द एकही नाही. दुसरा कागद वॉरंटीचा, मुंगीएवढ्या अक्षरांत ढीगभर भाषांमध्ये छापलेला. तो नेटाने वाचलाच तर एवढंच हाती लागतं की डिस्क बिघडली तर डिस्क बदलून देऊ, आतल्या डेटाचं आमच्याकडे काही मागू नका. म्हणजे काय बिघडू शकतं आणि त्यात कोणाचं किती नुकसान होऊ शकतं, याचा विचार कंपनीने अगदी व्यवस्थित केलेला आहे. फक्त तो वकिलांसाठी केलाय. गिऱ्हाइकासाठी चित्रं.

खोक्यावर ‘प्लग अँड प्ले’ हे असतंच. जोडा आणि वापरा. मी आमच्या सोसायटीतला ‘जरा बघतोस का’ आहे. कोणाची डिस्क डिटेक्ट होत नाही, कोणाचा डेटा उडालाय, कोणाला परदेशातल्या मुलाने दिलेली डिस्क उघडत नाही, की माझी बेल वाजते. म्हणून या ‘जोडा आणि वापरा’बद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. डिस्क जोडणं मुळात अवघड नाही. पण ती जोडताना जे निर्णय कारखान्यात आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या बैठकीत व्हायला हवे होते, ते सगळे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेत. आणि तो चुकला की ‘युजर एरर’ म्हणून त्याच्याच नावाने पावती फाडायची, असा हा धंदा आहे.

सुरुवात पहिल्या मिनिटालाच होते. पैसे मोजून ‘वन टीबी’ आणायची आणि स्क्रीनवर दिसायचे ९३१ जीबी. ६९ जीबी गेले कुठे? दुकानदार ठोकून देतो, “सिस्टिम खाते.” सिस्टिम काही खात नाही. टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे त्या डिस्कमध्ये असतात. विंडोज हिशेब करताना हजाराऐवजी १०२४ ने भागते आणि उत्तरापुढे ‘जीबी’ असंच लिहिते. १०२४ च्या हिशेबाला ‘गिबीबाइट’ असं वेगळं नाव १९९८ सालीच ठरवून दिलेलं आहे. ॲपलने २००९ मध्ये मॅकवर सरळ हजाराचा हिशेब लावला आणि विषय संपवला. मायक्रोसॉफ्टला तेवढी सवड अजून मिळालेली नाही. अमेरिकेत गिऱ्हाइकं यावरून कोर्टात गेली. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये तडजोड केली आणि भरपाई म्हणून काय देऊ केलं? बॅकअपचं सॉफ्टवेअर. जागा कमी दिसते म्हणून रडणाऱ्याला ती आणखी भरायचं साधन.

हा निदान नुसता आडमुठेपणा झाला. खरी चोरी ऑनलाइन दुकानांत उघड्यावर चालते. दोन हजारांत ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’! फोडून बघितली तर आत एक मेमरी कार्ड आणि ‘मी सोळा टीबी आहे’ असं धडधडीत खोटं बोलणारी चिप. कॉम्प्युटर तिच्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही फोटो भरता, नावं दिसतात, आकडे दिसतात. खरी जागा संपल्यावर येणारी प्रत्येक फाइल एक तर हवेत जाते, नाही तर जुन्या फाइलच्या डोक्यावर बसते. सहा महिन्यांनी उघडायला जावं तर करडा चौकोन. नवी डिस्क काठोकाठ भरून, परत वाचून तपासणारं एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण ते शोधायचं गिऱ्हाइकाने. माल विकणाऱ्या बाजाराने नाही.

आता केबल. ‘केबलमध्ये काय असतं’ असं म्हणणाऱ्याने यूएसबीची नामावळी एकदा वाचावी. पाच गिगाबिट वेगाचं यूएसबी ३.० हे २००८ साली आलं. ३.१ आलं तेव्हा त्याच जुन्या ३.० चं बारसं ‘३.१ जेन १’ असं झालं. पुढे ३.२ आलं, तेव्हा तेच ‘३.२ जेन १’ झालं. वेग तोच, तारा त्याच, खोक्यावरचा आकडा मात्र दर वेळी चढता. तुमच्या लॅपटॉपला दोन पोर्ट असतात, एक निळं, एक काळं. हल्ली दोन्ही काळीच. चुकीच्या पोर्टात घातली तर डिस्क यूएसबी २.० वर चालते, म्हणजे सेकंदाला तीसेक-चाळीस एमबी. पाचशे जीबी डेटा न्यायला चार तास. तीच डिस्क दुसऱ्या पोर्टात सव्वा-दीड तासात उरकते. हे कोण सांगतं? कोणी नाही. विंडोज फार तर कोपऱ्यात एखादी सूचना दाखवून गप्प बसते.

यूएसबी-सी आल्यावर हा गोंधळ मिटेल म्हणाले होते. उलट झालं. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या सी-केबलींतल्या कित्येक फक्त चार्जिंगपुरत्या, आत वेग २.० चाच. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल डिस्कला लावून ‘डिस्क स्लो आहे’ म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. मी त्यांना हसत नाही. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, हा प्रकार केबल बनवणाऱ्यांनी केलाय, वापरणाऱ्यांनी नाही.

पोर्टेबल डिस्कला जी रुंद, चपटी, मधे खाच असलेली पिन असते, तिच्यावर तर माझा विशेष राग आहे. जरा धक्का लागला की ढिली होते. डिस्क वीजही त्याच पिनेतून घेते. पिन हलली की फिरती तबकडी मधेच थांबते, आणि त्या क्षणी त्यावर काही लिहिलं जात असेल तर पुढचं रामायण सुरू होतं.

ते रामायण मी अलीकडेच जवळून पाहिलं. आमच्या तळमजल्यावरचे काका, निवृत्त शिक्षक, मूळचे कुडाळकडचे. दर हिवाळ्यात गावी जातात आणि जत्रांमधले दशावतार कॅमेऱ्यात धरून आणतात. सुरुवातीच्या आडदशावतारातल्या गणपती-संकासुरापासून पहाटे आख्यान संपेपर्यंत, सगळं. आधी हे सगळं एका जुन्या डिस्कवर ठेवायचे. कॅमेरा चार-चार जीबीचे तुकडे पाडतो, ते काकांनी हौसेने जोडून एका रात्रीची एक फाइल केली. ती डिस्कवर जाईना. तीनशे जीबी मोकळे, आणि कॉम्प्युटर म्हणतो फाइल मोठी आहे. कारण ती डिस्क होती फॅट३२ वर. १९९६ सालची ही पद्धत चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. मग भाचा आला. तो मॅकवाला. त्याने नवी डिस्क आणली आणि दोन्हीकडे चालावी म्हणून एक्सफॅटवर फॉरमॅट करून दिली. सल्ला बरोबरच होता. दोन हंगामांची रेकॉर्डिंगं त्यावर गेली.

एका सकाळी काका डिस्क घेऊन वर आले. लॅपटॉपही उघडाच हातात. स्क्रीनवर खिडकी: ‘ई’ ड्राइव्हमधली डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी. करायची का? खाली दोन बटणं. एक ‘फॉरमॅट डिस्क’, एक ‘कॅन्सल’.

“अरे, ह्यां काय इचारता ता बघ. होय म्हणू काय?”

“काका, हात लावू नका कशाला.”

“पण ‘करायला हवी’ असा लिवल्यान ना?”

काकांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. चाळीस वर्षं मुलांना वाक्यं वाचायला शिकवलेला माणूस आहे तो. ‘वापरण्याआधी करायला हवी’ या वाक्याचा सरळ अर्थ एकच निघतो: हे केलं की वापरता येईल. ‘हे केलं की तुमची दोन हंगामांची रेकॉर्डिंगं जातील’ असं त्यात कुठेही नाही. पुसलं जाईल ही ताकीद येते, नाही असं नाही, पण कधी? ‘फॉरमॅट’ दाबल्यावर दुसरी खिडकी येते, तिच्यात ‘स्टार्ट’ दाबल्यावर तिसरी येते, आणि त्या तिसरीत. तोवर माणूस दोनदा हो म्हणून बसलेला असतो आणि तिसरा होकार सवयीने देतो.

मी केबल काढली, घरातली दुसरी लावली, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात घातली. डिस्क उघडली. सगळे दशावतार जागच्या जागी. बिघाड केबलच्या ढिल्या पिनेचा. कॉम्प्युटरला डिस्कची पहिली काही पानं नीट वाचता आली नाहीत, एवढंच झालं होतं. आणि ‘मला वाचता येत नाही’ असं कबूल करण्याऐवजी त्याने ‘पुसून टाकू का?’ असं विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. किल्ली फिरत नाही म्हटल्यावर कुलूपवाल्याने “घरच पाडू का?” विचारावं, तसं हे. आणि त्याने तसं विचारलं तर आपण त्याला जिन्यावरून खाली घालवू. इथे मात्र आपण ‘कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे असेल’ म्हणून बटण दाबतो.

या खिडक्या एवढ्या अडाणी का, याचं निदान एका खिडकीपुरतं उत्तर जगजाहीर आहे. विंडोजमधली ती करडी ‘फॉरमॅट’ची खिडकी डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंजिनिअरने लिहिली. त्याने २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं की १९९४ च्या अखेरीस एका पावसाळी सकाळी त्याने ती तात्पुरती म्हणून उभी केली होती. पुढे कोणीतरी नीट बनवेल, तोवर ही. फॅटला त्या खिडकीत घातलेली ३२ जीबीची मर्यादाही त्याच सकाळी त्यानेच ठरवून टाकली. तीस वर्षं उलटली. विंडोजचं रूप कितीदा पालटलं, कोपरे गोल झाले, मेनू डावीकडून मध्यभागी आला. ‘फॉरमॅट’ची तात्पुरती खिडकी आहे तिथेच. प्लमरला दोष देण्यात अर्थ नाही; त्याने त्या दिवसाचं काम केलं. त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्यांना एकदाही वाटलं नाही की जगभरातले लोक आपलं आयुष्य ज्या खिडकीतून पुसून टाकतात ती जरा नीट करावी.

बरं, मॅकवाल्यांनी हसू नये. तिकडेही न ओळखणारी डिस्क जोडली की ‘वाचता येत नाही’ म्हणतात आणि बटणांच्या ओळीत ‘इनिशियलाइज’ ठेवतात. म्हणजे तेच, फक्त शब्द जास्त सभ्य, त्यामुळे जास्त घातक. ‘इनिशियलाइज’ म्हटल्यावर कोणाच्या बापाला कळणार आहे की इथे सगळं जाणार?

या सगळ्याचं मूळ एकच आहे. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या याची प्रत्येक कंपनीची आपली वेगळी पद्धत. मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस, १९९३ पासूनची. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. ॲपलची एपीएफएस, २०१७ पासूनची. विंडोज तिला ओळखतच नाही. दोघांना चालणारी एक्सफॅट २००६ मध्ये आली, पण तिच्यावर मायक्रोसॉफ्टची पेटंटं होती. तिचा पूर्ण तपशील सर्वांसाठी खुला करायला त्यांना २०१९ उजाडलं. आणि ती कोण? काय लिहिणार आहोत याची आधी नोंद ठेवायची सोयच नसलेली पद्धत. एनटीएफएसवर लिहिताना वीज गेली तर कॉम्प्युटर त्या नोंदीवरून बरंचसं सावरून घेतो. एक्सफॅटवर मधेच केबल हलली तर नशिबाचा भाग. म्हणजे घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील, तर दोन अतिश्रीमंत कंपन्यांनी मिळून तुमच्यासाठी सर्वांत कच्ची पद्धत राखून ठेवलीय.

‘तांत्रिक अडचणी असतील’ असं म्हणणारे भाबडे लोक असतात. लिनक्सवाल्यांनी बाहेरून, मायक्रोसॉफ्टच्या मदतीशिवाय, एनटीएफएसवर लिहिता येणारं पक्कं सॉफ्टवेअर २००७ मध्ये फुकट देऊन टाकलं. जे त्यांना जमलं ते ॲपलला इतक्या वर्षांत जमू नये? जमतं. जमवायचं नाही. मॅकवर एनटीएफएस लिहिण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्या, म्हणजे आपलीच डिस्क आपल्याच पैशांनी पुन्हा उघडा.

म्हणून मी आता कोणाच्याही घरी गेलो की जुन्या मास्तरासारखा उलटतपासणी घेतो. घरात फक्त विंडोज? एनटीएफएस करा आणि विसरा. फक्त मॅक? एपीएफएस. दोन्ही? एक्सफॅट करा, पण कोऱ्या डिस्कवर, पहिल्या दिवशी, आत एक फाइलही नसताना. नंतर कुठलीही खिडकी फॉरमॅटचं नाव काढेल तेव्हा उत्तर एकच, कॅन्सल. मग दुसरी केबल, दुसरं पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर. कोरी डिस्क ‘इनिशियलाइज’ करताना विंडोज एमबीआर की जीपीटी असं विचारते. डोळे मिटून जीपीटी. एमबीआर ही १९८३ सालची मांडणी. दोन टीबीच्या पुढची जागा तिला दिसत नाही. चार टीबीची डिस्क घेऊन अर्धीच वापरणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. डिस्कवर आधीपासून भरलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, ‘इथून सुरू करा’ अशा नावाचं. तिथून सुरू करू नका. त्यातलं पासवर्डचं कलम तर मुळीच नको. पासवर्ड विसरला की डेटा कायमचा गेला, आणि त्या वेळी कंपनी पुन्हा वॉरंटीचा कागद पुढे करते.

चुकून फॉरमॅट झालंच तर? साध्या फिरत्या डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ने फक्त फाइलींचा पत्ता पुसला जातो, मजकूर तिथेच पडलेला असतो, जोवर तुम्ही वर नवं काही लिहीत नाही. तेव्हा लगेच काढून ठेवायची. पण क्विकची खूण काढलेली असेल तर विंडोज सगळीकडे शून्यं लिहून मोकळी होते. एसएसडी असेल तर पहिल्या प्रकारातही फार आशा धरू नये. मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली. तिथले जुने कारागीर एके काळी डबा फोडून डिस्क काढायचे, दुसऱ्या डब्यात घालायचे आणि वाचायचे. आता अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच थेट डिस्कच्या सर्किटवरच डाकलेली असते. काहींत मधली चिप सगळं सांकेतिक करून लिहिते, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. चिप मेली की आतली तबकडी धडधाकट असूनही वाचता येत नाही. दोन पैशांचा जोड वाचवला कारखान्याने, बिल फुटतं तुमच्या नावाने.

‘सेफली रिमूव्ह’बद्दल एकच सांगतो. विंडोज १० च्या २०१८ च्या एका आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने मूळ सेटिंग बदललं; लिहिणं चालू नसेल तर डिस्क सरळ ओढून काढली तरी चालावं असं. चांगलं केलं. पण कोणाला सांगितलं? त्यामुळे निम्मे लोक अजून ‘डिव्हाइस वापरात आहे’ या संदेशाशी भांडत बसतात, आणि उरलेले मॅकवरही तसंच ओढून काढतात, जिथे ते चालत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण सगळं खापर कंपन्यांवर फोडणंही सोयीचं आहे. ‘माझा बॅकअप आहे’ असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत बॅकअप नसतो. लॅपटॉप भरला म्हणून फोटो डिस्कवर हलवलेले असतात आणि लॅपटॉपवरचे पुसलेले असतात. याला स्थलांतर म्हणतात. प्रत एकच, तीही ढिल्या पिनेच्या भरवशावर, टीव्हीच्या कपाटात. दोन ठिकाणी असेल तेव्हाच तो बॅकअप, आणि दुसरी जागा त्याच कपाटात असेल तर तोही नाही. मी काकांना दुसरी डिस्क घ्यायला लावली. ते म्हणाले, “एवढो खर्च?” मी म्हटलं, दशावताराची मंडळी एका नाटकाला किती घेते ते सांगा. ते हसले आणि घेतली. ती आता कुडाळला धाकट्या भावाकडे असते, हंगामाला काका जातात तेव्हा भरली जाते.

एवढं सगळं सुधारायला कोणाला काय अडचण आहे? मला वाटतं अडचण अशी आहे की डिस्क एकदा विकली की संपलं. क्लाउडचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. विंडोज ११ चालू करताना वनड्राइव्हवर बॅकअप घ्या म्हणून किती गोड आग्रह होतो बघा: मोठी अक्षरं, एकच निळं बटण, आणि ‘नको’ शोधायला भिंग लागावं. तिथे कुठली मांडणी, कुठली पद्धत, कुठलं पोर्ट, काही विचारत नाहीत. म्हणजे सोपं करता येतं, येत नाही असं नाही. उलट आपल्याच डिस्कवर आपोआप प्रती काढणारी फाइल हिस्टरी कंट्रोल पॅनेलच्या आतल्या खोलीत नेऊन ठेवलीय. वनड्राइव्ह फुकट देतं पाच जीबी, ॲपलही पाचच. गूगलने फोटोंची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली. पाच जीबीत काकांचा गणपती आणि संकासूर बसतील, आख्यानाला जागा उरणार नाही.

तेव्हा डिस्क लागणार आहे, आज आणि पुढेही. तर एवढं करा, काकांना दिसलेल्या त्या खिडकीत पहिल्याच ओळीत लिहा: ‘ही डिस्क मला वाचता येत नाही. आत तुमचा डेटा असू शकतो. आधी केबल बदलून पाहा.’ आणि फॉरमॅटचं बटण तिथून काढा. ज्याला खरंच पुसायचंय तो शोधून काढेल.